कोरी ओळ

“आणि बॅटरी गेली तर?”

विद्याधरने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच पुढे बोलत राहिला. नव्या लॅपटॉपची बॅटरी नवी असते, खरं आहे. पण आपल्या पैशात जो नवा येतो त्याचं अंग सगळं प्लास्टिकचं. बिजागरी लवकर सैल होते. रिफर्बिश्ड घ्यावा, म्हणजे कुठल्या तरी ऑफिसात वापरलेला, दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला, तर तो दणकट असतो. पण आधीच्या माणसाने कसा वापरला, कुणास ठाऊक.

गिरजामाय भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. पाय पुढे पसरलेले. गुडघे आता दुमडत नव्हते.

“मग?” त्या म्हणाल्या.

“मग तेच तर ठरत नाहीये, माय.”

टेकडीवरच्या त्या मठीत आता गुरू आणि शिष्य असे दोघंच होते. पूर्वी दहा-वीस माणसं यायची. कुणी वारलं, कुणी मुलांकडे पुण्याला गेलं. उरला हा एक विद्याधर माळवदे, कराडच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा. हुशार माणूस. हुशारीचा त्याला त्रासही बराच होता, पण तो त्याच्या लक्षात आला नव्हता.

“काय लिव्हायचंय म्हनालास त्यात?” मायने विचारलं.

“तुमची पदं, माय. चैत्रात तुम्हीच परवानगी दिलीत.”

“व्हय की. दिली हुती.”

ती परवानगी साधी नव्हती. त्या मठीची पदं कधी कागदावर उतरली नव्हती. गुरूने म्हणायचं, शिष्याने ऐकून पाठ करायचं, एवढाच रिवाज. आवाज यंत्रात धरायला तर आजही बंदी होती. पण ऐकायला माणूस उरेना, तेव्हा चैत्रात मायने स्वतःच म्हटलं होतं, लिहून घे बाबा, माझ्यासोबत जायला नको.

तेव्हा कोपऱ्यात एक कोरी वही होती. विद्याधरने ती हातातही घेतली नाही. वही भिजते, वाळवी लागते, म्हणाला. कायमचं काम आहे, भरवशाच्या यंत्रावरच व्हायला हवं.

तेव्हापासून तो यंत्र बघत होता. आता मार्गशीर्ष लागला होता.

“दुकानदार कसा हाय?” माय म्हणाल्या.

“कुठला?”

“जुनं इकनारा. बिघाडलं तर दार उघडंल का त्यो?”

“उघडेल बहुतेक. माणूस बरा वाटला. पण माय, माणसावर कसं ठरवायचं? प्रोसेसर कुठल्या पिढीचा आहे, रॅम वाढवता येते का, हे सगळं...”

मायने हात वर केला.

“माज्याकडं आलास तवा काय तपासलं हुतंस?”

विद्याधर हसला. “काहीच नाही. वडील गेले होते. कुठेच मन लागत नव्हतं. तुमचं दार उघडं दिसलं.”

“माज्या डोळ्यात भिंग बशिवलंय. दात कवळीचं. कानानं निम्मं ऐकू येतंय.” त्या लसणाची पाकळी ताटलीत टाकत म्हणाल्या. “तरी चालले की इतकी वर्सं.”

“तुमची गोष्ट वेगळी, माय.”

“आसंल.”

खाली रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

विद्याधरने मोबाइल काढला. “हा बघा, कालच सापडला. याचा पडदा मोठा आहे. पण वजन जास्त...”

“इद्याधरा.”

“काय माय?”

“मला कटाळा आलाय रं.”

“मग मी उद्या येऊ का?”

“तुजा न्हाई. धरून ठिवायचा कटाळा आलाय. सकाळी उठले की आदी सगळी पदं म्हनून बघते. गुरं मोजावीत तशी. कंदी एखादं सापडत न्हाई. मग दिसभर त्याच्या मागं फिरते. दमले मी आता.”

विद्याधरने मोबाइल खिशात ठेवला.

मायने ताटली बाजूला सारली. मांडीवर हाताने ठेका धरला आणि म्हणू लागल्या. आवाज बारीक झाला होता, पण सुरात होता.

“पाण्यावरी वाट माझी, पाय कोणी मोजू नये...
भरलेल्या नदीलागी, घोट कोणी पाजू नये...”

हात मांडीवर पडत राहिला. ओठ हलले. शब्द आला नाही.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच थांबल्या.

मग त्या ओळीपुरता ठेका नुसताच जाऊ दिला, आणि शेवटची ओळ म्हटली.

“रित्या हाती घरी जाता, आपुल्यांना लाजू नये...”

“मधली?” विद्याधरने हळूच विचारलं.

“तूच सांग.”

“मी?”

“चैत्रात तुला हेच पद आदी म्हनून दावलं हुतं. हितंच बसला हुतास.”

विद्याधरने डोळे मिटले. चाल अगदी स्वच्छ आठवत होती. मायने तेव्हा नेसलेलं हिरवं लुगडं आठवत होतं. आपण तेव्हा मनात दोन लॅपटॉपांच्या किमतींची तुलना करत होतो, तेही आठवलं.

ओळ आठवेना.

“मी पाठ नाही केलं, माय.”

“का रं? पयलं तर करायचास. दर खेपंला एक पद घिऊन जायचास.”

“आता लिहायचंच आहे, म्हटलं... मग पाठ कशाला करायचं.”

मायने मान हलवली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

तो अस्वस्थ होऊन उठला, दारापर्यंत गेला, परत आला. आणि हुशार माणूस अशा वेळी जे करतो, तेच त्याने केलं. बोटांवर अक्षरं मोजली.

“माय, ही बघा बसते का. ‘शब्दांचिया बाजारात, उगा डंका वाजू नये.’ चालीत चपखल आहे. यमकही जुळतं. अर्थही...”

मायने ती ओळ एकदा पुटपुटून पाहिली. मग ठेक्यावर म्हणून पाहिली.

“चांगली हाय.”

“मग हीच घालू का? कुणाला कळणारही नाही.”

“चांगली हाय. पन ती तुजी हाय.”

विद्याधर खाली बसला. मग एकदम रडू लागला, मोठ्या माणसाला लाज वाटेल असा, नाक ओढत.

मायने त्याला रडू दिलं. हात पुढे करून त्याच्या पाठीवर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

“आनखी किती गेली असतील, माय?”

“गेल्यालं कसं मोजू? गेलं त्ये ठावंच न्हाई.”

त्याने बाहीने तोंड पुसलं. “मी आत्ता कराडला जातो. संध्याकाळच्या आत परत येतो.”

“कंचा आनतोस?”

“जुना. तो हातोहात मिळतो. नव्याला आठवडा लागेल म्हणाले.”

“बॅटरी?”

“वायर लावून लिहीन.”

“आन मग.”

तो चपला घालायला दारात गेला. जाता जाता कोपऱ्यातली वही उचलली, खिशातलं पेन काढलं, आणि तिथेच उंबऱ्यावर उकिडवा बसून पदाच्या पहिल्या दोन ओळी उतरवून घेतल्या. मग पेन थांबलं.

“तिसऱ्या ओळीचं काय करू, माय?”

माय डोळे मिटून भिंतीला टेकल्या होत्या. त्याला वाटलं, त्यांना झोप लागली.

“जागा कोरी सोड,” त्या डोळे न उघडता म्हणाल्या. “आन म्होरं कुनी इचारलं, हितं काय हुतं... तर सांग, तवा आमी लॅपटाप बगत हुतो.”