अकरा सेकंद

"या इंजिनातून अजून वीस हॉर्सपॉवर निघतील की नाही, उस्ताद?"

इंद्रसेनने तिसऱ्यांदा विचारलं. बाबालाल उस्ताद उघड्या बॉनेटपाशी नुसते उभे होते. जुन्या विलायती गाड्यांचा त्यांच्याइतका जाणकार कोल्हापुरात दुसरा नव्हता, आणि उत्तर द्यायला इतका आळशी माणूसही नव्हता.

गाडी इंद्रसेनच्या वडिलांची, म्हणजे आबांची. दोन सीटांची, बिनटपाची, बासष्ट सालची. जुन्या गाड्यांच्या शर्यतीत आबांनी हिला घेऊन आंबा घाटाचा चढ चार मिनिटं दहा सेकंदांत चढला होता. ती वेळ अजून कुणी मोडली नव्हती.

आबा गेल्यावर इंद्रसेनने कॅमशाफ्ट बदलला, एक्झॉस्ट बदलला. जोर वाढावा म्हणून इंजिनाचं हेड दोनदा घासून पातळ करून घेतलं. एवढं करून त्याला लागले चार मिनिटं एकवीस सेकंद.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. या गड्याने तर अंगणच नवं घालून घेतलं होतं, तरी पाऊल पडेना.

रविवारी पुन्हा शर्यत होती. हेड अजून एकदा घासा, हा त्याचा हट्ट.

"घासलेलं लोखंड परत चिकटत न्हाई बाळ," उस्ताद म्हणाले. "हे फुटलं तर दुसरं मिळायचं न्हाई. गाडी उभीच ऱ्हाईल."

"राहू दे उभी. एकदा आबांच्या पुढं गेलो की झालं."



उस्तादांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली हातभर रबरी नळी काढून त्याच्या हातात दिली आणि स्वतः गाडीत बसून इंजिन सुरू केलं.

या इंजिनाला दोन कार्बोरेटर. दोन्हींतून सारखी हवा आत जायला हवी. नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाशी. उस्तादांची तपासणी म्हणजे एवढीच.

इंद्रसेनला हसू आलं. या कामासाठी त्याने परदेशातून मीटर मागवलं होतं. इंजिन संथ चालू ठेवून दोन्ही बाजू त्याने काटेकोर जुळवल्या होत्या. तसं त्याने सांगितलंही.

उस्तादांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

पुढच्या कार्बोरेटरमधून मोठा सूंऽ आवाज आला. नळी मागच्याला लावली, तर तिथे नुसती कुजबुज. त्याने पुन्हा पुढे लावली. पुन्हा मागे...

दोन्हींना जोडणाऱ्या दांड्याचा क्लॅम्प ढिला होता. पाय जोरात पडला की दांडा घसरायचा आणि मागचा कार्बोरेटर अर्धाच उघडायचा. मीटर लावताना त्याने अ‍ॅक्सिलरेटर कधी दाबूनच पाहिला नव्हता. आणि क्लॅम्प त्यानेच बसवलेला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उस्तादांनी पाना पुढे केला. इंद्रसेनने क्लॅम्प आवळला, पुन्हा नळी लावली. आता दोन्हीकडे एकच आवाज होता.

"किती वाढली असेल पॉवर?" त्याने हळूच विचारलं.

"काय वाढली न्हाई. होती तेवढीच हाय."

इंद्रसेन चाकापाशी खालीच बसला. त्याला आबांची फार आठवण आली. गेल्या वर्षभरात त्याला आठवत होती ती फक्त त्यांची वेळ. हेडचं तो पुन्हा बोलला नाही.

बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली.

"आबांच्या वेळेला या इंजिनात किती हॉर्सपॉवर होती, उस्ताद?"

उस्ताद फडक्याला हात पुसत राहिले...

"ठावं न्हाई. त्यांनी कधी इचारलंच न्हाई."