आवडाय आणि बावीस घरांच्या गाठी

फार फार वर्षांपूर्वी, शिरवेळच्या खाडीत गाळ कमी होता आणि मासळी जास्त, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा खाडीच्या तोंडाशी आवडाय राहायची. तिचं नाव खरं तर आवडी, पण लहानथोर सगळे तिला आय म्हणायचे, म्हणून ती आवडाय. नवरा तरणाताठा असतानाच समुद्रात गेला, पोटी मूलबाळ नव्हतं. ती जाळी विणायची. होडी कुणाचीही असो, जाळं आवडायच्या हातचंच हवं, असा त्या किनाऱ्यावर हट्टच असायचा. असं म्हणतात, की तिच्या जाळ्यातून पाणीसुद्धा विचारून बाहेर पडायचं. आता हे जरा वाढवलेलं असेल. पण आपल्या माणसाबद्दल थोडं वाढवून बोललं तर बिघडतं कुठे?

शिरवेळला एक जुना रिवाज होता. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तिथे प्रत्येक घराची जाळ्यातली गाठ वेगळी असायची. कुणी दोन वेढे द्यायचा, कुणी एकच देऊन आवळायचा, कुणी दोऱ्याचं शेपूट डावीकडे ठेवायचा. वादळात जाळं वाहून गेलं आणि भलत्याच किनाऱ्याला लागलं, तरी गाठ बघून ते कोणत्या घरचं ते ओळखता यायचं. असं वाहून आलेलं जाळं बंदरावरच्या लाकडी खांबाला बांधायचं, फाटलं असेल तर सांधायचं, दोरा कुजू नये म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवायचं आणि मालक येईपर्यंत सांभाळायचं. त्याने आपण मासे धरायचे नाहीत. आणि दुसऱ्या घरची गाठ सोडवायची नाही, ते मोठं पाप. आवडायला गावातल्या एकूण एक घराची गाठ येत होती. ज्याचं जाळं, त्याची गाठ ती घालायची.

एका वर्षी शिमगा नुकताच झाला होता, आणि दक्षिणेकडून चार मोडकी गलबतं खाडीत शिरली. आत बायका होत्या, म्हातारी माणसं होती, आणि पोरं तर पेरल्यासारखी. दूरच्या कुठल्याशा किनाऱ्यावर दोन राजे भांडले होते आणि गावं जळली होती ती या कोळ्यांची. वाटेत तुफान होऊन गलबतं पांगली. कुणाची आई एका गलबतावर आणि पोर दुसऱ्यावर, अशी गत. बावीस घरांची माणसं होती, आणि एकही घर पुरं नव्हतं. त्यांची भाषा इथे कुणाला कळत नव्हती.

गाव जमला. पदाजी तांडेल तेव्हा कोळ्यांचा म्होरक्या होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा हात आखडता. तो म्हणाला की विहिरींना पाणी कमी आहे, यांना चार दिवस पेज पाजू आणि पुढच्या बंदराची वाट दाखवू. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. तेव्हा आवडाय उठली. असं म्हणतात, की ती सभेत बोलली ती आयुष्यात एकदाच.

“जाळं वाहून आलं तर आपण त्याला इचारतो का, तू कशाला आलंस म्हणून? खांबाला बांधतो, सांधतो, मालकाची वाट बघतो. पोरं काय जाळ्यापरीस हलकी हायत?”

रिवाज गावाचाच होता, त्याला नाही कोण म्हणणार?

झालं, माणसं राहिली. आवडायने पोरांना आपल्या अंगणात गोळा केलं. तिने कुणाला काही विचारलं नाही, रडू नका म्हणून दटावलं नाही, की गोड बोलून कुरवाळलंही नाही. मोठं जाळं अंगणभर पसरलं आणि प्रत्येकाच्या हातात बांबूची सुई आणि दोरा दिला. कोळ्याचंच पोर ते, सुई हातात आली की बोटं आपोआप चालायला लागतात. हात चालला की जेवण जातं, आणि जेवण गेलं की पोर खोडी काढायला लागतं. पहिल्या पोराने दुसऱ्याची शेंडी ओढली तेव्हा आवडाय म्हणे इतकी हसली, की पलीकडच्या आळीतल्या बायका बघायला आल्या. मग त्या बायकांनाच तिने कामाला लावलं. गलबतावरच्या बायकांकडून त्यांची आंबट पेज शिका, म्हणाली, आपल्या हातची त्यांच्या पोरांना उतरत नाही. नाकं मुरडत का होईना, बायका शिकल्या. आजही शिरवेळला ती पेज करतात आणि पाहुण्यांना ती आमचीच म्हणून सांगतात.

त्या पोरांत एक मुलगी होती, सहासात वर्षांची. तिच्याबरोबर तिचं म्हणावं असं कुणीच नव्हतं. ती बोलायची नाही. गावातल्या बायका तिला काहीबाही नाव ठेवायला लागल्या, पण आवडायने ठेवू दिलं नाही. नाव तिचं तिच्यापाशी आहे, सांगेल तेव्हा सांगेल, असं ती म्हणायची आणि तिला नुसती पोरी म्हणून हाक मारायची. ही पोरी तिच्याच घरात झोपायची, तिच्याच ताटात जेवायची.

पोरी जाळं विणायची. बाकीच्या पोरांच्या गाठी वेगळ्या तरी ओळखीच्या वळणाच्या होत्या, पण तिची उलटी पडायची. वेढा भलत्या बाजूने, आणि शेवटी एक फास जास्तीचा. आवडायने शंभर घरांच्या गाठी पाहिल्या होत्या, अशी कुठे पाहिली नव्हती. तिला वाटलं, लहान आहे, येत नसेल. म्हणून दिवेलागणीला पोरी आत गेली, की ती त्या सगळ्या गाठी सोडवायची आणि नीट घालून ठेवायची. पोरीला वाईट वाटू नये म्हणून गुपचूप करायची. चांगल्या मनाने केलेली चूक सगळ्यांत उशिरा कळते, तसंच झालं. पोरी रोज सकाळी येऊन आपलं काम बघायची आणि पुन्हा पहिल्यापासून घालायची. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी तिने सुई खाली ठेवली. तेराव्या दिवशी जेवली नाही. मग अंग तापलं.

आवडायने दृष्ट काढली, भगताला बोलावलं, काढे पाजले. उतार पडेना. पोरीच्या कंबरेला एक फडकं गुंडाळलेलं असायचं, त्याला ती कुणाला हात लावू द्यायची नाही. त्या दुपारी ती तापाच्या गुंगीत होती, म्हणून अंग पुसताना आवडायने ते सोडलं. आत वीतभर जाळ्याचा तुकडा होता, खाऱ्या पाण्याने कडक झालेला. त्यातली प्रत्येक गाठ उलट्या वेढ्याची होती आणि शेवटी एक फास जास्तीचा.

आवडायने बोटाने एकेक गाठ चाचपली. पोरीला सगळं येत होतं. आपल्याला जी ठाऊक नाही ती गाठच नव्हे, असं आवडायच धरून चालली होती. जे पाप शिरवेळमध्ये दारुड्यानेही कधी केलं नव्हतं, ते तिने अकरा दिवस केलं होतं, आणि तेसुद्धा ज्या पोरीकडे तेवढंच एक घर उरलं होतं तिच्याशी. असं म्हणतात, की आवडाय नवरा गेला तेव्हा रडली नव्हती, ती त्या दिवशी रडली.

मग तिने तो तुकडा मांडीवर घेतला आणि शिकायला बसली. एवढी मोठी जाळेकरीण, पण तिला ती गाठ जमेना. पोरीने डोळे उघडले तेव्हा आवडाय उशाशी बसून चुकत होती. पोरी बराच वेळ बघत राहिली. शेवटी तिने हात पुढे केला, आवडायची गाठ सोडवली आणि तिच्या बोटांना धरून बरोबर घातली. आणि आपल्या भाषेत एक शब्द बोलली. त्याचा अर्थ काही असेल. असं, किंवा अशी, किंवा वेडे. शिरवेळच्या किनाऱ्यावरचा तिचा पहिला शब्द तो. संध्याकाळी ताप उतरला.

दुसऱ्या दिवशी आवडायने सगळ्या पोरांना खुणेने सांगितलं, की प्रत्येकाने आपापल्या घरची गाठ घालून वीतभर जाळं विणायचं. बावीस तऱ्हेचे तुकडे झाले. मग बंदरातून निघणाऱ्या प्रत्येक मचव्याच्या डोलकाठीला तिने एकेक तुकडा बांधायला लावला. कुणी उत्तरेला जायचा, कुणी दक्षिणेला. ज्या बंदरात कोळी आहेत तिथे गाठ वाचणारं कुणीतरी भेटेलच, असा तिचा हिशेब होता. आणि खरंच माणसं यायला लागली. कुणाचा बाप आला, कुणाचा मामा, कुणाची थोरली बहीण. असं म्हणतात, की एक तुकडा वाऱ्याने सुटून पाण्यात पडला, तर भरतीच्या उलट पोहत गेला आणि बरोबर त्या पोराच्या आजोबाच्या होडीला जाऊन अडकला. मी पाहिलेलं नाही, पण तो आजोबा आला होता हे नक्की.

पावसाळा आला आणि त्याचा जोर ओसरला. पोरी आता शिरवेळची भाषा बोलायला लागली होती. ती आवडायला आय म्हणायची. आवडाय तिच्या केसांना तेल लावायची आणि बाजारातून येताना तिच्यासाठी आठवणीने चणे-फुटाणे आणायची. नारळी पौर्णिमेला मचवे पुन्हा समुद्रात निघाले, त्यांच्याबरोबर राहिलेले तुकडेही गेले. त्या दिवशी पोरी बंदरावरून धावत घरी आली.

“आय, माझी गाठ कंच्या होडीवर हाय?”

आवडाय मासळी साफ करत होती. तिला थाप मारता आली असती. चाळीस होड्या होत्या, पोरी कुठे कुठे बघणार होती?

“कंच्याच नाय,” ती म्हणाली. “मी तांदळाच्या मडक्यात लपवून ठेवली.”

“का?”

“तू जाशील म्हणून.”

पोरी तिच्याजवळ बसली आणि मासळी साफ करू लागली. सगळी मासळी झाली, हात धुऊन झाले, तेव्हा आवडाय उठली आणि मडक्यात हात घातला. दोघी मिळून बंदरावर गेल्या. शेवटचा मचवा पदाजी तांडेलाचा होता. आवडायने स्वतःच्या हाताने तुकडा त्याच्या डोलकाठीला बांधला आणि घट्ट आवळला. असं म्हणतात, की पदाजीने त्या वेळी तोंड फिरवलं आणि डोळ्यांत खारं पाणी गेलं म्हणून सांगितलं.

थंडी पडायच्या सुमारास पोरीची आई आली. ती दूर कुठेतरी मिठागरात राबत होती आणि तिथे तिने पदाजीच्या मचव्यावर आपल्या घरची गाठ पाहिली. धक्क्यावरूनच तिने लेकीला नावाने हाक मारली. काय नाव ते आता कुणाला धड सांगता येत नाही; शिरवेळची तीन घरं तीन नावं सांगतात आणि त्यावरून भांडतातसुद्धा. पण त्या नावाला पोरी धावली, एवढ्यावर तिघांचं एकमत आहे.

रिवाजाप्रमाणे सांभाळलेली वस्तू धड करून परत द्यायची. आवडायने पोरीला न्हाऊ घातलं, नवं लुगडं फाडून परकर शिवला, वेणी घातली, आणि तिचा हात तिच्या आईच्या हातात दिला. “जरा कमी जेवते,” एवढंच सांगितलं. तिला दुःख झालं नाही असं कुणी म्हणत नाही. आठ दिवस तिच्या चुलीतून धूर निघाला नाही. नवव्या दिवशी मागे राहिलेली पोरं अंगणात येऊन बसली, कारण सगळ्यांचीच माणसं काही मिळाली नव्हती. आवडायने जाळं पसरलं. ती पोरं शिरवेळचीच झाली, त्यांच्या वंशातली माणसं आज गावात आहेत, आणि त्यांच्या जाळ्यांत अजून त्यांच्याच गाठी आहेत.

आता शिरवेळला मोठ्या यांत्रिक होड्या आल्या. त्यांच्यावर कामाला लांबलांबचे खलाशी येतात, बायकापोरांसकट. त्यांचं पोर गावात आलं, की पहिल्याच दिवशी त्याला जाळ्यावर बसवतात आणि हातभर जाळं त्याला हवं तसं विणू देतात. येत असो, नसो. ती गाठ मग कुणी सोडवत नाही, आवळतही नाही. साहजिकच त्या हातभरातून मासे निसटतात. परवाच एक ताटाएवढा सरंगा गेला. पदाजी तांडेलाचा खापरपणतू होडीवर होता. त्या घराण्याचा हात अजूनही आखडताच. त्याने सरंगा जाताना पाहिला, एक सुस्कारा सोडला आणि खलाशांना म्हणाला, “जाऊ द्या. तो आवडायचा वाटा.”