सागरिका धक्क्याला लागली

फार वर्षांपूर्वी एका खाडीत सागरिका नावाची मोठी लाँच नव्याने आली. पहिल्याच दिवशी ती वेगात येऊन लाकडी धक्क्यावर आदळली आणि त्याच्या दोन फळ्या मोडल्या. तेव्हापासून ती लांबच नांगर टाकून राही. उतारू होडीतून किनाऱ्यावर जात.

एका दुपारी वारा सुटला आणि होडी येईना. लाँचवर सुगंधा नावाची बाई बाळंतपणाच्या कळांनी तळमळत होती.

"इकडे ये," धक्का म्हणाला.

"तुम्हाला पुन्हा लागेल," सागरिका म्हणाली.

"वाऱ्याकडे तोंड करून हळू ये. जवळ आलीस की इंजिनाचा जोर काढून घे, उरलेला वेग पुरतो. नाही जमलं तर मागे हो आणि पुन्हा ये. मी आहे."

पहिल्या खेपेला ती तिरकी झाली, म्हणून मागे सरली. दुसऱ्या खेपेला मात्र अलगद टेकली. माणसांनी सुगंधाला उचलून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी मुलगी झाल्याचा निरोप आला.

"मी तुम्हाला मोडलं आणि तुम्हीच मला शिकवलंत," सागरिका म्हणाली. "हे उपकार कसे फेडू?"

"रोज येत जा," धक्का म्हणाला. "इतके दिवस मी नुसता पाण्यात उभा होतो."