इंजिन बंद असताना

"…म्हणजे मी अजून कच्चाच आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

गजेंद्रने पोकलेनच्या केबिनमधून खाली पाहत विचारलं. हुसेन उस्ताद मशीनला टेकून चहा पीत होते.

दगडखाणीत नवं मशीन आलं होतं. उस्ताद ज्याचं नाव घेतील तोच उद्यापासून त्यावर एकटा बसेल, असं मालकांनी सांगितलं होतं. उस्तादांनी अजून कुणाचंच नाव घेतलं नव्हतं.

"मी कुठं काय म्हणालो?"

"तेच तर. काहीच म्हणत नाही तुम्ही."

उस्ताद चहाचा घोट घेत राहिले…

"गेल्या महिन्यात भरली बकेट वर असताना इंजिन बंद पडलं," गजेंद्र म्हणाला. "खाली टिप्पर उभा. त्याचा ड्रायव्हर जनार्दन आतच बसलेला. तरी मी बूमचा लांब दांडा अलगद उतरवला. बकेट हौद्यात टेकली, जनार्दनला धक्कासुद्धा लागला नाही. हे कच्च्या हाताचं काम आहे का?"

"त्याबद्दल जनार्दननं पेढे कुठले आणले होते?"

"औशाचे. तुम्हाला एक दिला होता ना."

"एकच दिलास, म्हणून विचारलं." उस्तादांनी कप खाली ठेवला. "बूम वर कसा जातो?"

"हे काय विचारणं झालं?"

"सांग तर."

"लिव्हर ओढली की वाल्व उघडतो. पंपाचं तेल बूमखालच्या सिलिंडरांत शिरतं आणि बूम उचलतं. लिव्हर सोडली की वाल्व बंद. तेल आत कोंडतं, बूम तिथंच थांबतो."

"एवढा जड वाल्व तुझ्या दोन बोटांनी सरकतो?"

"नाही. लिव्हरखालून थोडं तेल जातं, ते वाल्वला ढकलतं. हात नुसता इशारा करतो."

"त्या थोड्या तेलाला जोर कुणाचा?"

"इंजिनाचा."

"आणि त्या दिवशी इंजिन तर बंद होतं."

गजेंद्रने लिव्हरकडे पाहिलं.

उस्तादांनी बकेटखाली कुणी नाही हे पाहिलं. मग ते पायरीवर चढले, आत हात घातला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. किल्ली परत एक टप्पा पुढे नेली. दिवे लागले. इंजिन गप्पच होतं. दगडांनी भरलेली बकेट वर लटकत होती.

"खाली घे."

"पंप बंद आहे, उस्ताद."

"दिसतंय मला."

गजेंद्रने लिव्हर हलकेच पुढे ढकलली. बूम सावकाश खाली आला. बकेट जमिनीला टेकली, थोडी धूळ उडाली.

गजेंद्र स्वतःच्या हाताकडे पाहत राहिला…

उस्तादांनी त्याला खाली बोलावलं आणि मशीनचं मागचं झाकण उघडलं. पाइपांच्या गर्दीत काळी, गोल, बेलफळाएवढी डबी होती. तिच्यावर बोटभर धूळ साचली होती.

"इंजिन चालू असतं तेव्हा थोडा दाब हिच्यात जाऊन बसतो," उस्ताद म्हणाले. "इंजिन गेलं तर वाल्व उघडण्यापुरता. बाकी बूम आपल्या वजनानं उतरतो."

"त्या दिवशी मी घाबरून लिव्हर दाबली होती," गजेंद्र हळूच म्हणाला. "काय होईल ते माहीत नव्हतं."

"आणि पेढे?"

"मी खाल्ले."

गजेंद्रने गळ्यातला रुमाल काढला आणि डबी पुसायला घेतली. आधी वरून, मग पाइपांमध्ये बोटं घालून मागूनही. घाई केली नाही.

"नव्या मशीनचं राहू द्या, उस्ताद," तो म्हणाला. "मी अजून तुमच्याजवळच शिकतो."

उस्तादांनी ऑफिसच्या दारात उभ्या मालकांना हात केला. "शेठ, उद्या गजाला बसवा."

गजेंद्रचे डोळे भरून आले. काळ्या झालेल्या रुमालानंच त्याने ते पुसले.

"हे सगळं फेडू कसं?"

उस्ताद कप उचलून चालू लागले होते. ते मागे न वळताच म्हणाले,

"इंजिन चालू कर. डबी रिकामी झाली असेल."