पंचनाम्यातली बुजरी घोडी

घाटाच्या वळणावर घोडीच्या पाठीवरची, फिरायला आलेल्या पाहुण्यांची पोरगी घोडेवाल्या कोंडाबाई ढेबेनं ओढून घेतली, म्हणून वाचली. चांदणी घोडी मात्र दरीत गेली. आणि आता चौकीत हवालदार पंचनाम्यात लिहीत होता, 'घोडी बुजरी होती.' अकरा वर्षं पाठीवर लेकरं मिरवणारी घोडी!

गाडीवाले इनामदारसाहेब चहा पीत म्हणाले, "मी मागून नुसता हॉर्न दिला. गाडी तिला लागलीसुद्धा नाही. दोष घोडीचाच."

चांदणीच्या डोळ्यांना झापडं असायची, मागचं दिसायचं नाही. म्हणून घोडेवाले मागून येताना आधी हळू हाक देतात. कोंडाबाई साहेबांच्या पाठीमागं गेली. तिनं हाक दिली नाही. कोपऱ्यातली पत्र्याची बादली उचलली आणि फरशीवर आदळली.

साहेब ताडकन उडाले. सगळा चहा शर्टावर!

"ए बाई, अक्कल आहे का? मागून असा आवाज करतात?"

"का हो? बादली तुम्हाला लागलीसुद्धा नाही. इथं दरी नव्हती, म्हणून शर्टावर भागलं. हवालदार, लिहा, साहेब बुजरे आहेत."

हवालदारानं खाली मान घालून 'बुजरी' खोडलं.

पंचनाम्यासाठी दरीतून आणून टेबलावर ठेवलेली झापडं कोंडाबाईनं पदरात घेतली. चांदणीच्या घामानं ती अजून ओलीच होती.