पुरे म्हटल्यावर

एका बाजारगावात एकदा एक कापडाचा व्यापारी मरता मरता वाचला. दुकानात वरच्या फळीवरून धोतरजोड्यांची थप्पी उतरवताना त्याच्या छातीत कळ आली, अंगातला सदरा घामाने चिंब झाला, आणि तो शुद्धीवर आला तो थेट शहरातल्या दवाखान्यात. सुटी देताना तिथल्या डॉक्टरबाईंनी गोड बोलण्याचे कष्ट घेतले नाहीत.

"दिगंबरशेठ, हृदयाची नळी आम्ही मोकळी केली. वजन तुम्हाला उतरवायचं आहे. ते असंच राहिलं तर पुढच्या खेपेला मला फक्त वेळ लिहावी लागेल."

व्यापारी घाबरला. घाबरणे प्रत्येक वेळी वाईट नसते; कित्येकांना शहाणपण त्याच दाराने येते. गाडी गावाच्या शिवेत शिरेपर्यंत त्याने मनाशी पक्के करून टाकले होते, की आपल्याला जगायचे आहे. थाटात नाही, मोठेपणाने नाही, नुसते जगायचे. धाकटी मुलगी अजून शाळेत होती आणि बापाच्या उशाशी बसून तिने काढलेल्या रात्री त्याने डोळे मिटून, पण जागेपणी पाहिल्या होत्या.

पण हा निश्चय घेऊन तो ज्या घरात परतला, त्या घरात निश्चय करण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांकडे होता.

घरात दोन वडीलधारे होते. एक त्याचे चुलते, आबा. दुसरी आबांची धाकटी बहीण, म्हणजे व्यापाऱ्याची आत्या. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, आणि आईवेगळ्या दिगूला तिनेच वाढवलेले. दोघांचे त्याच्यावर प्रेम होते यात शंका नाही. वडीलधाऱ्यांची एक मोठी सोय असते. त्यांनी काहीही केले तरी त्याला प्रेम हे नाव आधीच देऊन ठेवलेले असते, त्यामुळे त्यात चूक काय ते कुणी शोधायला जात नाही.

बायको बिचारी डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे कोरडी भाकरी आणि पालेभाजी वाढी. आत्या मागून येई आणि भाकरीच्या पोटात, वरून दिसणार नाही असा, तुपाचा गोळा सारून जाई. "औषधं उष्ण असतात, सूनबाई. आतून कोरडा पडेल तो." व्यापारी ताटावर हात आडवा धरून म्हणे, "आत्या, पुरे." मग आत्या डाव्या हाताने त्याचे मनगट बाजूला करी आणि उजव्या हाताने वाढी. इतक्या सहज, की जणू ताटावर पदर पडला होता तो उचलला.

बाहेर तर त्याहून वरताण चालले होते. पहिल्या महिन्यात त्याचे गाल जरा बसले, तेव्हा पेठेत कुजबुज सुरू झाली. ज्या गावात पोट हीच पत, तिथे वाळलेला व्यापारी म्हणजे बुडालेला व्यापारी. आबांना ते सहन होईना. त्यांनी संध्याकाळी जिलेबीचा पुडा आणून दुकानाच्या गादीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा उघडला.

"खा. लोक विचारायला लागलेत मला, की पुतण्याचं दुकान बरं चाललंय ना."

"आबा, मला डॉक्टरांनी..."

"डॉक्टर काय उद्या तुझ्या मुलीची सोयरीक जमवायला येणारेत? एक खा. माझ्यासाठी."

तो एक खाई. मग आत्यासाठी एक. मग पाहुणे आले म्हणून, मग पाहुणे निघाले म्हणून. दिवाळी यायच्या आत उतरलेले सगळे वजन परत चढले, आणि एके दिवशी माडीचा जिना चढताना छातीत तीच ओळखीची कळ बारीकशी डोकावून गेली. त्याने कुणाला सांगितले नाही. कठडा धरून तो उभा राहिला, श्वास जागेवर आल्यावर खाली उतरला, आणि नदीकाठच्या धर्मशाळेकडे चालू लागला.

धर्मशाळेत एक वृद्ध गुरुजी राहत. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवले होते आणि व्यापारीही त्यांचा शिष्य. त्यांच्या शब्दाला गावात मान होता. व्यापाऱ्याने सगळी हकिकत सांगितली, जिन्यातली कळसुद्धा. गुरुजींनी डोळे मिटले आणि वृद्धांना जे बोलण्याची सवय असते तेच बोलायला सुरुवात केली. संयम, जिव्हा, इंद्रिये. मन हा घोडा आणि विवेक हा लगाम.

व्यापाऱ्याने थोडा वेळ ऐकले. मग त्याला संताप आला. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला घोड्याच्या गोष्टी ऐकायला वेळ नसतो.

"गुरुजी, माफ करा, पण हे मला येतं. माझी जीभ माझ्या ताब्यात आहे. घरात एकटा असलो की मी मुठीएवढा भात खाऊन उठतो आणि पाण्यावर रात्र काढतो. दुसऱ्यांचे हात माझ्या ताब्यात नाहीत. त्यांच्याविषयी तुमच्याकडे काही असेल तर सांगा, नाहीतर मी जातो."

गुरुजींनी डोळे उघडले. शिष्याने असे तोंडावर बोलण्याची त्यांना सवय नव्हती. पण खोटे बोलण्याचीही नव्हती, म्हणून त्यांनी घोडा आणि लगाम तिथेच सोडले. मग त्यांनी विचारले, "तुमच्याकडे पुढची पंगत कधी आहे?"

"पौर्णिमेला. आत्यानं देवीला नवस बोललाय. दिगू वाचला तर भावकीला पुरणपोळीचं जेवण घालीन आणि त्याचं ताट स्वतःच्या हातानं पोटभर वाढीन, म्हणून."

गुरुजींना क्षणभर हसू आवरेना. हृदयाच्या दुखण्यातून माणूस उठला याचे आभार देवीपाशी तुपात मानायचे, हे सुचायलाही पिढ्यान्‌पिढ्यांची तपश्चर्या लागते.

"मी येतो," ते म्हणाले. "तूप मी वाढीन."

पौर्णिमेला भावकी जमली. ओसरीवर पंगत मांडली. गुरुजी स्वतः वाढायला उभे आहेत हे पाहून आबांना धन्य वाटले; रेशमी सदरा घालून ते पहिल्या पानावर बसले. त्यांच्या शेजारी व्यापारी; त्याचे नवसाचे ताट आत्या आणणार होती. पोळ्या पडल्या आणि गुरुजी तुपाचे भांडे घेऊन आबांसमोर आले. धार धरली.

"पुरे, पुरे, गुरुजी."

"असं कसं, आबा? पुतण्या वाचलाय तुमचा." आणखी धार.

"बास झालं. पित्त होतं मला."

"आजच्या दिवस घ्या हो. एक पळी माझ्यासाठी."

आबांनी हसत हसत दोन्ही हात पोळीवर आडवे घातले. गुरुजींनी हातांवरच तूप ओतले. पंगत हसली. आबाही हसले, पण गुरुजी थांबेनात. कोमट तूप बोटांवरून मनगटावर आले, मनगटावरून रेशमी बाहीत शिरले, पानाबाहेर वाहिले. हसू ओसरले. कुणीतरी हळूच म्हणाले, "वय झालं म्हाताऱ्याचं." आबांचा चेहरा लाल झाला.

"गुरुजी, हात आडवा घातलाय तो दिसत नाही का तुम्हाला? पुरे म्हटलं ना मी."

गुरुजींनी भांडे खाली ठेवले.

"दिसला," ते म्हणाले. "म्हणूनच विचारतो, तुम्ही कशासाठी चिडलात? तूप वाया गेलं म्हणून चिडला नाहीत. सदऱ्यासाठीही नाही, असे सदरे तुमच्या दुकानात पुष्कळ आहेत. तुम्ही पुरे म्हणालात आणि ते कुणी ऐकलंच नाही, याचा तुम्हाला राग आला. तुमचं दुखणं दोन पळ्यांपुरतं. हा तुमच्या शेजारी बसलेला माणूस दवाखान्यातून आल्यापासून रोज दोन्ही वेळा हात आडवा घालतो आहे, आणि तुम्ही सगळे मिळून तो हात उचलून बाजूला ठेवता. आग्रहात सुख असतं ते वाढणाऱ्याला. जेवणाऱ्याला ते पोचतं की नाही, हे कधीतरी त्याच्या तोंडाकडे बघून ठरवा. मीसुद्धा त्या दिवशी याला न विचारता उपदेशच वाढत होतो. त्यानं माझा हात धरला म्हणून मी थांबलो."

आत्या नवसाचे ताट हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती तिथूनच म्हणाली.

"आणि माझ्या नवसाचं काय, गुरुजी? मी देवीला शब्द दिलाय. तो मोडू?"

गुरुजी उत्तर देणार होते, पण त्याआधी व्यापारी उठून उभा राहिला. मोठ्यांसमोर पंगतीतून असे उठणे त्या घरात आजवर कुणी केले नव्हते.

"आत्या, तू देवीकडं काय मागितलंस?"

"तू वाचावंस म्हणून मागितलं. आणखी काय मागणार होते?"

"मी अजून वाचलेलो नाही. गेल्या आठवड्यात जिन्यात पुन्हा दुखलं."

स्वयंपाकघरातून त्याची बायको बाहेर आली. तिलाही हे माहीत नव्हते. आत्याने ताट खाली ठेवले, मग स्वतःही उंबऱ्यावर बसली. बसल्या बसल्या तिने विचारले, आणि हा प्रश्न त्या घरात त्याला पहिल्यांदाच कुणी विचारत होते, "मग तुला काय देऊ रे मी?"

नको काय ते त्याला पाठ होते. हवे काय ते सांगायची वेळ कधी आलीच नव्हती.

"डॉक्टरबाईंनी रोज चालायला सांगितलंय," तो म्हणाला. "मी पहाटे निघतो. वेशीपर्यंत जातो आणि परत फिरतो. तुम्हाला वाटतं मी आळस करतो. मला भीती वाटते. वेशीच्या पुढं रस्ता रिकामा असतो. तिथं पडलो तर कुणाला कळणारही नाही. मला सोबत पाहिजे, आत्या. दुसरं काही नको."

एवढा मोठा, सव्वाशे माणसांच्या भावकीतला कर्ता पुरुष भर पंगतीत भीती वाटते म्हणाला, म्हणून आबांनी मान खाली घातली. लाज कशाची वाटावी हे त्यांना त्या वयातही नीट कळलेले नव्हते. आत्याने मात्र डोळे पुसले आणि सुनेला म्हणाली, "या ताटातली पोळी काढ. भाकरी आहे ना सकाळची? ती आण. पोटभर म्हणजे त्याचं पोट म्हणेल तेवढं. देवीला मी सांगते काय सांगायचं ते."

दुसऱ्या दिवशी उजाडताना व्यापारी चपला घालत होता, तर आत्या काठी घेऊन अंगणात उभी. आबा ओसरीवर विड्याचे पान लावत बसले होते.

"काय गं गोदे, सकाळी सकाळी कुठं?"

"याच्याबरोबर. तुम्ही येताय का, दादा?"

"माझे गुडघे कुठं साथ देतात आता."

"मग बसा. पण संध्याकाळी पुडा घेऊन आलात, तर तो मी तुमच्यासमोर म्हशीला घालीन. सांगून ठेवते."

ती रस्ताभर कुरकुरत चालली. थंडी फार आहे, काठीला टोक नाही, वाण्याने दारात पाणी का सांडलेय, आणि दिगू, तू लहानपणीही असाच पाय ओढत चालायचास. व्यापारी हूं हूं म्हणत होता. वेस कधी मागे पडली ते त्याच्या ध्यानातही आले नाही.

वेशीपुढे थोड्या अंतरावर एक मैलाचा दगड होता. तिथे आत्याचा दम संपला. ती दगडावर टेकली. व्यापारीही थांबला आणि त्याने पुढच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिले. त्याचे पाय आपोआप घराकडे वळू लागले.

"परत कुठं चाललास?" आत्या म्हणाली. "मी दमलेय, तू नाही. जा पुढं. मी बघत्येय इथनं."

तो निघाला. पन्नास पावलांवर त्याने वळून पाहिले. आत्या काठीवर हनुवटी टेकून त्याच्याकडेच बघत होती. आणखी पुढे जाऊन पाहिले, तरी ती तशीच. छातीत धडधड होती, पण ती चालण्याची होती. भीतीची धडधड निराळी असते, ती त्याला आता ओळखता येत होती. मग तो वळून न पाहता चालत राहिला.

परत आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि ऊन दगडापर्यंत पोचले होते. आत्या जागची हलली नव्हती.

"कुठवर गेलास?"

"ओढ्याच्या वळणापर्यंत. त्याच्या पुढं तू दिसत नाहीस."

आत्याने वळणाकडे डोळे बारीक करून पाहिले, अंतर जोखले, आणि काठीवर जोर देऊन उठली.

"मग उद्यापासून मी तिथं बसते," ती म्हणाली.