गेरूची रेघ आणि कोठीचा बोका

त्या दिवशी धुकं असं दाट पडलं होतं, की अंगणातली गाय हंबरली तरी ती नेमकी कुठे उभी आहे ते कळत नव्हतं. असल्या दिवशी नदीवरची होडी निघत नाही. होडी निघाली नाही, की पलीकडच्या बाजारातून धान्य येत नाही. आणि धान्य आलं नाही, की काही घरांना काहीच होत नाही, काही घरांना मात्र फार होतं.

एका गावात असंच एक घर होतं, बुरुडाचं. तो टोपल्या, सुपं विणायचा. माल होडीने बाजारात जायचा, त्या बदल्यात तांदूळ यायचे.

त्या गावाची एक रीत होती. मागे कधीतरी मोठी आग लागून घराघरातलं धान्य जळालं होतं. तेव्हापासून घरात धान्य ठेवायचं नाही. गावाबाहेर दगडी कोठी बांधलेली, तिथे प्रत्येक घराचा एक रांजण. मिळेल तसं टाका, लागेल तसं न्या. रीत चांगली होती. पण मागाहून कुणीतरी प्रत्येक रांजणाच्या पोटावर गेरूची रेघ ओढली. धान्य रेघेखाली गेलं, की कोठीवाल्याने त्यातलं एक मापटं काढून घ्यायचं.

का? तर म्हणे, रिकाम्या रांजणात उंदीर लपतात. उंदरांसाठी बोका पाळलाय. बोक्याला दूधभाकरी लागते.

बुरुडाची लेक माहेरी बाळंत झाली होती. तिच्या पेजेला तांदूळ हवे म्हणून तो धुक्यातून चाचपडत कोठीवर गेला. पाहतो तर त्याच्या रांजणातले तांदूळ रेघेच्या बोटभर खाली.

कोठीवाल्याने मापटं बुडवलं.

"आबा, आजचा दिवस राहू द्या. होडी आली, की दुपारी भरतो."

"दुपारचं दुपारी बघू. आत्ता खाली आहे ना?" असं म्हणून त्याने पुन्हा मापटं बुडवलं.

"अहो, हे दुसरं कशाचं?"

"आणखी खाली गेलं की."

"ते तुम्ही काढलंत म्हणून गेलं!"

"कुणी काढलं ते रेघ विचारत नाही बाबा."

"म्हणजे माझ्याकडे कमी आहे, म्हणून तुम्ही आणखी कमी करणार?"

"मग कमी ठेवू नकोस. मी सांगतोय का तुला कमी ठेव म्हणून?"

तेवढ्यात गावच्या बागायतदाराचा गडी आला. बागायतदाराचा रांजण काठोकाठ भरलेला, वर बोका अंगाचं मुटकुळं करून झोपलेला. कोठीवाला लगबगीने उठला आणि टोपलीतून गुळाची ढेप काढून गड्याच्या हातात दिली.

"ही कशाबद्दल?" बुरुडाने विचारलं.

"भरल्या रांजणाचा मान."

"आणि गूळ आला कुठून?"

"मापट्यांचे तांदूळ देऊन घेतला. असं फुकट का कोण देतंय?"

टोपली बुरुडानेच विणलेली होती. ती त्याने ओळखली.

मापटं पुढेही बुडतच राहिलं, आणि रांजणात तळाला उरले ते ओंजळभर तांदूळ घेऊन तो घरी आला. पेज झाली ती पाण्यासारखी. लेक म्हणाली, "बाबा, मला भूक नाहीये." पण बाळाला कुठे खोटं बोलता येतं? आईच्या अंगावर दूध उतरेना, बाळ रडरड रडलं. रडणं ऐकून शेजारची कुंभारीण धावत आली.

"माझ्याकडचे दिले असते रे भाऊ," ती म्हणाली, "पण काल माझंही मापटं काढलं मेल्याने. तेही मी घडवलेल्या रांजणातून!"

दुपारी धुकं विरलं, होडी आली. बुरूड तांदळाचं पोतं पाठीवर घेऊन निघाला. एक वाट कोठीकडे, एक घराकडे. कोठीच्या दारात मापटं घेऊन कोठीवाला उभाच होता. हाक मारून म्हणाला, "ये, ये! रेघेच्या वर ये, म्हणजे झालं!"

बुरुडाने पाठीवरचं पोतं सावरलं. मग घराच्या वाटेने वळला.

त्याने कामट्यांची एक उंच कणगी विणली, शेणाने लिंपली आणि चुलीपासून लांब, अंगणातल्या झाडाखाली ठेवली. पोतं तिच्यात ओतलं. लेकीला पोटभर पेज मिळाली. लोक म्हणाले, "रीत मोडलीस! आग लागली तर?"

"लागली तर जळेल एकदा," तो म्हणाला. "तिथे कोठीत रोज जळतंय."

दुसऱ्या दिवशी कुंभारीण म्हणाली, "मलाही एक विण." मग न्हावी आला, धोबीण आली. ज्यांचे ज्यांचे रांजण रेघेला टेकलेले, ते सगळे आले. कोठीत धान्य उरलं ते फक्त काठोकाठ भरलेल्या रांजणांत, बाकीचे सगळे रिकामे.

मापटी थांबली. बोक्याची दूधभाकरी थांबली. कोठीवाला बागायतदाराकडे गेला, तर बागायतदार उसळला, "मी का म्हणून देऊ? माझा तर भरलेला आहे!"

बोका चार दिवस दारोदार ओरडत फिरला आणि कोठीकडे फिरकेनासा झाला. मग उंदीर निघाले आणि थेट बागायतदाराच्या रांजणात शिरले. रिकाम्या रांजणाकडे एकही गेला नाही. तिथे त्याला मिळणार काय होतं?

मग गाव पारावर जमलं. बोक्याच्या बरगड्या दिसत होत्या. बागायतदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. "मुक्या जिवाचे हाल बघवत नाहीत हो," तो म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. ठरलं, की ज्याचं जास्त त्याने बोक्याला द्यायचं. गेरूची रेघ त्याच दिवशी पुसली. बुरूड आपले तांदूळ पुन्हा कोठीत ठेवून आला.

परत येताना त्याला बोका दिसला. पाराखाली वाटीभर दूध चाटत होता आणि भोवती पोरं, बाया, म्हातारे कौतुकाने बघत उभे होते. बुरूडही उभा राहिला.

तात्पर्य म्हणाल, तर त्याच्या शेजारी उभी असलेली कुंभारीण तेव्हा त्याला जे म्हणाली तेच: "बोका उपाशी राहिला, तर गाव गोळा झालं, भाऊ. तुझी बाळंतीण लेक उपाशी राहिली, तेव्हा सगळे म्हणत होते, रीत आहे."